मास्तरांचा पगार

गेल्या नाताळच्या सुटीत, नागपुरास शिकणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांस भेटावयास आला. अंगणातील उन्हात संत्री सोलीत असता त्याने जी वार्ता सांगितली, ती ऐकून आमच्या हातची फोड हातातच राहिली. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल-संघाचे प्रशिक्षक जिंबो फिशर यांस कामावरून दूर केले, आणि करारानुसार त्यांस सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे विद्यापीठास भाग पडले. म्हणजे सहाशे कोटी रुपयांहून अधिक! तेही शिकविण्याबद्दल नव्हे. यापुढे शिकवू नये याबद्दल.

एवढा पैसा महाविद्यालयापाशी येतो कोठून? मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखावर प्रेक्षक बसतात. आमचे सौंसर शहर मुलाबाळांसह तेथे नेऊन बसविले, तरी निम्म्याहून अधिक बाकडी रिकामी राहतील. तिकिटे आहेतच; त्यांहून मोठी प्राप्ती दूरचित्रवाणीच्या हक्कांची, आणि चांगली जागा मिळावी म्हणून माजी विद्यार्थी देणग्या देतात त्या निराळ्या. (त्यांचा फुटबॉल बव्हंशी हातांनी खेळतात, हे जाता जाता सांगून ठेवितो.) या उत्पन्नावर पोहणे, धावणे इत्यादी खेळांचाही खर्च चालतो, हे खरे. परंतु ज्यांच्या धडपडीवर हा बाजार उभा, त्या खेळाडूंस मात्र वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीवरच समाधान मानावे लागे. महाविद्यालयांनी उत्पन्नाचा वाटा त्यांस थेट देण्याची मोकळीक २०२५ साली झाली.

या बाबतीत आपले कॅथोलिक विद्यापीठही मागे नाही. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापिलेले नोत्र दाम हे त्या देशात फुटबॉलसाठीच घरोघर ठाऊक आहे. तेथील विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी आरंभी रसायनशास्त्रही शिकवीत. १९२५ साली ते कॅथोलिक झाले व १९३१ साली विमान-अपघातात वारले.

हे ऐकत असता आमच्या मनात कोल्हापूर उभे राहिले. १९५२ साली हेलसिंकीस जावयास खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या भरविल्या आणि त्या उत्पन्नातून ते घर सोडविले, असे सांगतात. तिकिटाचा पैसा तेथेही होताच. पण तो कोठून निघून कोठे गेला, ते पाहावे.

ही कथा आम्ही त्या तरुणास मोठ्या अभिमानाने सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "फादर, मग आपल्या मास्तरांचं काय?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या मुलांस कबड्डी शिकविणारे एक वृद्ध व्यायामशिक्षक आहेत. शेजारच्या खेड्यातून रोज सायंकाळी सायकलीवर येत. दोन वर्षांपूर्वी आम्ही सामने भरविले, दहा रुपये तिकीट लाविले. चांगली रक्कम जमली, ती छपराच्या कौलांस लागली. मास्तरांस आम्ही एक शाल व नारळ दिला, आणि त्यांच्या निःस्वार्थ सेवेवर भाषणही केले. भाषण बरे झाले होते, असे तेव्हा आम्हांस वाटले होते.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे येणे थांबले. कोणी म्हणाले, रुसले असतील. आम्हीही तसेच समजून स्वस्थ बसलो. त्या तरुणाच्या प्रश्नानंतर मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो. पत्नी अंथरुणास खिळलेली. औषधपाण्यासाठी मास्तर रात्री संत्र्यांच्या पेट्या भरण्याच्या कामास जात होते. सायकल भिंतीस टेकून उभी, मागच्या चाकास टायर नव्हता.

"रुसून काय करू, फादर?" ते म्हणाले. "रात्री जागलो की संध्याकाळी पाय उचलत नाही मले."

फेब्रुवारीत पुन्हा सामने ठेविले. तिकिटाच्या उत्पन्नाचा अर्धा भाग मास्तरांचा आणि पुढे दरमहा काही ठराविक रक्कम, असे आम्ही समितीपुढे मांडिले. एक वडीलधारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "फादर, सेवेले मोल लावता का तुमी?" त्यांस काय उत्तर द्यावे? ते शब्द आमच्याच भाषणातील होते! वादावादी बरीच झाली. उरलेली कौले पुढील वर्षी, असे ठरले, आणि तेही सर्वांच्या मनास आले असे नाही.

सामन्यांच्या रात्री आम्ही पाकीट मास्तरांच्या हाती दिले. ते संकोचाने परत करतील, अशी आमची अटकळ होती. त्यांनी ते उघडिले, कंदिलाजवळ जाऊन नोटा दोनदा मोजिल्या, आणि विचारिले, "पावतीवर सही कुठं करू?"

पावती आम्ही केलीच नव्हती. वहीचे पान फाडून ती तेथेच लिहिली.