आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला

मूठ सोडलेली आहे, गाडी स्टँडवर उभी आहे, तरी इंजिन आपोआप रेस होतं, दबतं, पुन्हा रेस होतं. गिऱ्हाईक सांगतं, “मेस्त्री, गाडी धापा टाकतीय.” आमच्या धंद्यात याला हंटिंग म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळातही ते होतंच. एअर स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, जेट काढून हवा मारायची आणि चहा येईपर्यंत गाडी ताळ्यावर आणायची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि बहुतेक दुचाकींवर फ्युएल इंजेक्शन आलं. फिरवायला स्क्रूच राहिला नाही, म्हणून लोक थेट सेन्सर बदलायला लागले.

या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं हे ईसीएम, म्हणजे गाडीचा छोटा कंप्युटर, ठरवतो. मूठ किती उघडली, इंजिन किती तापलं, मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब किती, हे बघून तो इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. बरोबर सोडलं की नाही हे त्याला सायलेन्सरच्या बेंड पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर कळवतो. एक ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा हा हिशेब. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर 0.9 व्होल्टकडे जातो, कमी पडलं की 0.1 कडे. गोम अशी, की ही खबर उशिरा येते. पेट्रोल जळून, धूर होऊन सेन्सरपाशी पोचेपर्यंत पुढचे स्ट्रोक होऊन गेलेले असतात. त्यामुळे दुरुस्ती नेहमीच मागाहून होते आणि मूळ गडबड मोठी असेल तर कमी-जास्त करता करता झोके सुरू होतात. वाफेच्या इंजिनांचा वेग सांभाळणारे गव्हर्नर असेच झोके खायचे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 मध्ये त्यावर गणित मांडून निबंध लिहिला. म्हणजे रोग जुनाच आहे.

म्हणून हंटिंगची गाडी आली की मी पाना बाजूला ठेवतो आणि आधी ऐकतो. चढ-उतार तालात आहे का? ठरावीक वेळाने वर, ठरावीक वेळाने खाली असेल, तर ईसीएम शाबूत आहे आणि कशाशी तरी झगडतोय असं मी धरून चालतो. बेताल, मधेच ठसका, मधेच बंद असं असेल तर सैल कप्लर, प्लग, बॅटरीची अर्थिंग किंवा पेट्रोल तपासायला घेतो. एवढ्यानेच अर्धं काम वाचतं.

दूध घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाची 125 सीसीची गाडी आमच्याकडे, कराडला आली. दुसरीकडे थ्रॉटल बॉडी साफ झाली होती, मग मीटरवर इंजिनाचा दिवा लागला म्हणून ऑक्सिजन सेन्सरही नवा बसला होता. सकाळी थंड असताना गाडी गुणी. रतीब घालून तापली की रेस दोन हजारांच्या वर जायची, धाडकन हजाराच्या घरात पडायची, पुन्हा वर. घड्याळ लावावं असा ताल.

असा ताल बहुधा पेट्रोल तोडण्याचा असतो. उतारावर आपण मूठ सोडतो तेव्हा इंजिन वेगात फिरत असतं पण थ्रॉटल बंद असतो. ईसीएम पेट्रोल तोडतो आणि रेस ठरावीक आकड्याखाली आली की परत देतो. आता थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी चोरटी हवा आत येत असेल, तर मूठ बंद असूनही रेस चढते. ईसीएमला वाटतं, मालक उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो, रेस पडते. पेट्रोल देतो, रेस चढते. थंड इंजिनात हा आकडा वर ठेवलेला असतो, म्हणून सकाळी काही जाणवत नाही.

चालू इंजिनावर थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी बारीक पंपाने पाणी फवारलं. (क्लीनरचा स्प्रेही चालतो, पण तापल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, मी पाणीच वापरतो.) खालच्या बाजूला फवारा गेला आणि आवाज बदलला. सांधा खोलला तर ओ-रिंग खाचेतून निसटून दोन्ही तोंडांत चिमटलेली, एका जागी चपटी होऊन दोऱ्याएवढा काप गेलेला. नवी ओ-रिंग बसवली, रेस जागेवर आली. बदललेला महागडा सेन्सर फुकट गेला. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरशी माझं भांडण नाही. पण मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असल्याचा कोड आला म्हणजे सेन्सर बिघडला असं नव्हे. बऱ्याचदा तो खरं तेच सांगत असतो. कधी मात्र त्यालाच फसवलेलं असतं. बेंड पाइपचं पॅकिंग गळत असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर पेट्रोल कमी असल्याचं कळवतो आणि ईसीएम उगाच पेट्रोल वाढवतो. पॅकिंगभोवतीची काळी काजळी डोळ्यांना दिसते, त्याला स्कॅनर लागत नाही. टॅपेट टाइट झाले तरी मॅनिफोल्डचा दाब बदलतो आणि ईसीएमचा अंदाज चुकतो.

उभी गाडी ठीक आणि रस्त्यावर एकसारख्या मुठीत हिसके देत असेल, तर मी पेट्रोलच्या वाटेने जातो. आधी टाकीचं झाकण उघडून बघतो. झाकणातली हवेची वाट बुजली असेल तर तेवढ्यानेच फरक पडतो. मग प्रेशर गेज. बऱ्याच छोट्या गाड्यांत पंपाचा दाब 3 बारच्या आसपास हवा, आणि तो रेस दिल्यावरही टिकला पाहिजे.

इथेनॉलचं गिऱ्हाइकं हमखास विचारतात. आमचा मुलूखच इथेनॉल बनवणाऱ्या साखर कारखान्यांचा. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, त्यामुळे ई-20 वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, मिश्रण थोडं पातळ होतं. पण निरोगी गाडीत ईसीएम तेवढं सांभाळून घेतो. आधीच कुठून हवा ओढणाऱ्या गाडीत मात्र ते दुखणं वाढवतं. खरी भीती पावसाळ्यात टाकीत शिरणाऱ्या पाण्याची. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळातूनच.

तेव्हा हंटिंगची गाडी मेस्त्रीकडे नेण्याआधी धुऊ नका. काजळी, पेट्रोलचे डाग हे पुरावे पाण्याच्या फवाऱ्याने जातात. थंड असताना होतं की तापल्यावर, पेट्रोल भरल्यावर की पाऊस पडून गेल्यावर, कुणी काय खोललं होतं, हे सांगा. आणि कुणी पंप किंवा सेन्सर बदलायला सांगितला, तर आधी गेजवरचा किंवा मल्टीमीटरवरचा आकडा दाखवायला सांगा.