खापरपणजोबांचं थडगं

आमच्या घरात खापरपणजोबांचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू यायचं. "ते घाणा सोडून पलटणीत गेले, म्हणून आपण शिकलो."

आम्ही बेने इस्राएल. अलिबागकडच्या गावांत आमचे लोक तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आमच्या घरातून त्या कामाबाहेर पडलेले हे पहिले. पुढे पेन्शन घेऊन कोकणात परतले आणि तिथेच वारले. यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. फोटो नाही, कागद नाही. थडगं असेल तर सापडेल, एवढीच आशा होती.

सुरुवात आत्यापासून केली. ती लग्नानंतर इस्राएलला गेली, आता अश्दोदला असते. ऐंशी पार केली आहे, पण फोनवर मराठी अजून अलिबागचीच. "खापरपणजोबा कधी वारले?" असं विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत बाबा." मग विचारलं, "त्यांच्या नावाचा दिवा घरात कधी लावायचे?" उत्तर लगेच आलं. "बिरड्याच्या सणाच्या मागेपुढे. आजी म्हणायची, मोठा दुष्काळ सरत आला होता. तांदूळ परवडत नव्हता."

बिरड्याचा सण म्हणजे आव महिन्याची नववी, जेरुसलेमचं मंदिर पाडल्याच्या दुःखाचा उपास. आमच्याकडे त्या वेळी वालाचं बिरडं होतं, म्हणून हे नाव. साल नाही, तारीख नाही, पण महिना मिळाला. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नये. सण, पाऊस, लग्न, महागाई यांवरून विचारावं. जाता जाता आत्याने बजावलं, "सुभेदार होते हां ते. साधे शिपाई नव्हते."

मग आडनावातलं गाव गाठलं. केहिमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे, तसे आम्हीही एका गावाचे. तिथे आमचं काहीच नव्हतं. घर नाही, कबरस्तान नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पडकी विहीर दाखवली. तिला अजून तेल्याची विहीर म्हणतात. तो म्हणाला, "तुमची माणसं इथे नाही पुरायची. खाली रेवदंड्याच्या बाजूला न्यायची." आडनाव सांगतं ते घराणं मुळात कुठलं. माणूस शेवटी कुठे राहिला, ते आडनावावरून कळत नाही. रेवदंड्याचं नाव आमच्या घरात कोणी कधी घेतलं नव्हतं.

त्या बाजूच्या जुन्या कबरस्तानात पावसाळा संपल्यावर लगेच गेलो, तर गवत कमरेएवढं. राखणदाराने आतच जाऊ दिलं नाही. जनावरं फिरतात म्हणाला. गवत वाळल्यावर पुन्हा गेलो. जाण्याआधी विश्वस्तांची परवानगी घेतली. दगडाला हात लावायचा असेल तर ती घ्यायलाच हवी.

सगळ्यात जुनी थडगी नुसते दगडांचे ढिगारे आहेत. त्यांवर अक्षर नाही. त्यानंतरच्या दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. कोकणातल्या पावसाने अक्षरं गुळगुळीत झालेली, वर शेवाळ. आमच्या आडनावाचे काही दगड मिळाले, पण खापरपणजोबांचं घरातलं नाव एकावरही नव्हतं.

इथे ठाण्याचे काका कामी आले. ते सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात, हिब्रू वाचतात. ते म्हणाले, "घरातलं नाव दगडावर शोधू नको. तिथे हिब्रू नाव असतं." मुंबईत 1796 मध्ये पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. आबाजी म्हणजे अब्राहाम. आमच्या खापरपणजोबांचंही तसंच निघालं. काकांनी हिब्रू नाव कागदावर लिहून दिलं. ते एका कोपऱ्यातल्या काळ्या दगडावर जुळलं. खाली बापाचं नावही जुळलं.

दगड कलला होता आणि अर्धा जमिनीत होता. राखणदार ब्लीच आणि तारेचा ब्रश घेऊन आला. मी नको म्हटलं. साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरलं. ॲसिड, ब्लीच, तारेचा ब्रश यांनी दगड स्वच्छ दिसतो, पण उरलेली अक्षरंही जातात. अक्षरं उठून दिसायला उजेड बाजूने पडावा लागतो. भर दुपारी सपाट दिसलेला दगड संध्याकाळी वाचता आला. सावलीतल्या बाजूला काकांनी आरसा धरला.

हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात. प्रत्येक अक्षराला किंमत असते आणि बहुधा पाच हजारांचा आकडा गाळतात. जी बेरीज येते तिच्यात 1240 मिळवले की इसवी सन मिळतो. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलतं, त्यामुळे शरद ऋतूतल्या तारखेला एक वर्ष कमी धरावं लागतं. आमच्या दगडावर तव 400, रेश 200, लामेद 30 इतकं स्पष्ट होतं. शेवटचं अक्षर झिजलेलं. ते 'हे' असेल तर 5, 'खेत' असेल तर 8. दोन्ही अक्षरं दिसायला सारखी, फक्त डावा पाय वरपर्यंत जोडलेला की सुटा, एवढाच फरक. नेमकी तिथेच दगडाची खपली उडाली होती. म्हणजे 635 किंवा 638. इसवी सन 1875 किंवा 1878. महिना मात्र आव होता. दिव्याची आठवण खरी निघाली.

काका म्हणाले, "सोड, दोन्ही लिहून ठेव." तेव्हा मला आत्याचा तांदूळ आठवला. मुंबई इलाख्यातला मोठा दुष्काळ 1876 ते 78 चा. 1875 च्या ऑगस्टमध्ये तो सुरूही झाला नव्हता. म्हणजे 638, म्हणजे ऑगस्ट 1878. दगडावर जे वाचता येईना, ते आत्याच्या आजीच्या बोलण्यातून कळलं. हे हिशोब करताना मी तिथेच बसलो. डोळे भरले होते, काकांना दिसू नये म्हणून ब्रश धूत राहिलो.

मग विश्वस्तांना फोन करून विचारलं आणि बुंध्याची माती हाताने, थोडी थोडी काढली. खालच्या मराठी ओळी मातीने जपल्या होत्या. त्यांत हुद्दा होता. नाईक. सुभेदारापासून बराच खालचा.

फोटो काढले, पट्टी ठेवून मापं घेतली, गेटपासूनच्या रांगा मोजून नकाशा काढला, माती परत लोटली. विश्वस्तांना एक प्रत दिली. पुढचा कोणी आला तर त्याला सुरुवातीपासून शोधावं लागू नये. खापरपणजीचं थडगं मिळालं नाही. तिचं हिब्रू नाव कोणालाच माहीत नाही.

रात्री आत्याला फोन केला. साल ऐकून खूश झाली. हुद्दा सांगितला तशी गप्प झाली. मग म्हणाली, "कोरणाऱ्याने चूक केली असेल."

मी वाद घातला नाही. वहीत दोन्ही लिहिलंय. दगडावर नाईक, आत्याच्या सांगण्यात सुभेदार. समोर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव.