मे-जूनची अर्धी टोपली



मृग लागून चार दिवस झाले. आभाळ भरून येते आणि तसंच निघून जाते. धानाच्या पऱ्ह्याची जागा तयार आहे, बियाणं घरात आहे, पण पाणी नाही. त्यामुळे या आठवड्याची नोंद धानाची नाही, भाजीच्या टोपलीची आहे.

आज सकाळी एटापल्लीला १७ टोपल्या दिल्या. टोपलीत काय होतं? एक फोड कोहळं, पाव किलो भेंडी, गवारीच्या शेंगा, चार कच्चे आंबे, कांदे आणि वाळवलेल्या वांग्याच्या फोडींची एक पुडी. बस. टमाटर नाही, गोबी नाही, सांबार नाही. भाव निम्मा, १०० रुपये. दोन घरून निरोप आला, "भाऊ, एवढ्याशा भाजीसाठी कशाला येता, पाऊस पडल्यावर या." राग नाही आला. पण ही अर्धी टोपली मी का देतो, ते आज लिहून टाकतो. वर्षभर मनात आहे.

आमचं गाव सूरजागडच्या पट्ट्यात. धान हेच मुख्य पीक, तेही पावसावरचं. बांधीच्या धुऱ्यावर तूर, धान निघाल्यावर ओलीवर लाखोळी आणि जवस. विहिरीजवळ पाऊण एकराची बाडी आहे, त्यात भाजी. पूर्वी ही भाजी माय डोक्यावर नेऊन आठवडी बाजारात वाटे लावून विकायची. खाणीचं काम वाढलं तशी एटापल्लीत बाहेरची माणसं वाढली, खोल्या भाड्यानं गेल्या, बाजारही मोठा झाला. पण वाढलेल्या बाजारात भाजी बहुतेक बाहेरून गाडीनं येते. आमच्या बाया कडेला, रस्त्यालगत. ट्रक गेला की वाट्यांवर लाल धूळ.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात बाजारात वांगी उरली होती. एका शिक्षिका ताईंनी सगळी घेतली आणि म्हणाल्या, "दर आठवड्याला घरीच आणून द्याल का? जे निघेल ते द्या." तिथून सुरुवात झाली. आधी ६ घरं, मग २२. बांबूची टोपली, पाच किलोच्या आसपास भाजी, २०० रुपये. खाली टोपली पुढच्या खेपेला परत. वर एक कागद लावायचो : "सूरजागड पट्ट्यातली भाजी, आमच्या बाडीतली."

२०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजारही त्याच वर्षी सावता माळी महाराजांच्या नावानं सुरू झाले. मुळशी तालुक्यातल्या अभिनव फार्मर्स क्लबनं शेतातली भाजी थेट पुण्यातल्या घरी पोचवून दाखवली. हे वाचून वाटायचं, आपणही करू शकतो. पण पुण्याजवळ पाणी आहे, शेडनेट आहे, चार-सहा जणांचं मिळून नियोजन आहे. आपल्याकडे एक विहीर, तीही मे महिन्यात तळ दाखवते. हा फरक मी लक्षात घेतला नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात २२ टोपल्या भरायच्या होत्या आणि बाडीत सहा टोपल्यांपुरतीही भाजी नव्हती. उन्हानं टमाटरची फुलं गळाली, पालक करपला. गिऱ्हाईक तुटेल ही भीती. मग भल्या पहाटे एटापल्लीला गेलो, बाहेरून आलेल्या गाडीवरून टमाटर, फुलगोबी आणि ढेमसं घेतलं. १९०० रुपयांचा माल. घरी आणून टोपल्यांत भरला. वरचा कागद तोच ठेवला.

असं तीन आठवडे केलं. चौथ्या आठवड्यात दवाखान्यात नोकरीला असलेल्या एका ताईंनी विचारलं, "भाऊ, या भट्टीत फुलगोबी कशी काय निघाली तुमच्याकडे?" ताई शेतकऱ्याच्या घरच्या. गोबीचा गड्डा धरायला थंडी लागते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, "शेडनेटमध्ये लावली आहे जी." तोंडातून निघून गेलं.

पुढच्या रविवारी त्या मुलाला गाडीवर बसवून आमच्या बाडीत आल्या. "याला शेडनेट पाहायचं आहे म्हणतो." मी विहिरीवर होतो. शेडनेट कुठून दाखवू? वाळलेले वाफे, भेंडीच्या दोन ओळी आणि कुंपणावर कोहळ्याचा वाळका वेल. ताई काही बोलल्या नाहीत. मायनं पाणी दिलं, त्या प्यायल्या, मुलाला दोन आंबे घेतले, त्याचे पैसे दिले आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाजारात बसणाऱ्या बाईले कोणी गोबी मागितली तं ते नाही म्हणते. आपल्याजवळचं दाखवते. तुले नाही म्हणाले काय झालं होतं?"

मायच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजारातली बाई पळसाच्या पानावर चारं, टेंभरं, चिंच असे वाटे लावते. सरलं की उठते. तिच्याकडं काय नाही, हे समोरच्याला दिसते. मी टोपली झाकून देत होतो, म्हणून मला खोटं बोलता आलं. टोपली घरपोच झाली की गिऱ्हाईक शेत पाहत नाही, बाजार पाहत नाही, फक्त कागद वाचते. मग तो कागद खरा पायजे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या २२ घरी निरोप पाठवला. कोणत्या आठवड्यात कोणती भाजी बाहेरची होती, ते लिहिलं. त्या पैशाची भाजी हिवाळ्यात परत देईन म्हटलं, आणि दिली. ९ घरं सुटली. १३ राहिली. नंतर ४ परत आली. दवाखान्यातल्या ताई नाही आल्या. त्या आता बाजारातून घेतात, मायच्या शेजारी बसणाऱ्या बाईकडून.

त्यानंतर जे बदललं ते सांगतो, कोणाच्या कामी आलं तर बरं.

पहिली गोष्ट, वर्षाची यादी आधीच देतो. पावसाळ्यात तरोटा, आंबाडी, काटवल, दोडके, कारले, बरबटी, मिळाले तर वास्ते आणि सात्या. हिवाळ्यात वांगी, भेदरं, पोपटाच्या शेंगा, मुळा, पालक, सांबार, लाखोळीची कोवळी भाजी. उन्हाळ्यात कोहळं, कांदा, भेंडी, गवार, कच्चा आंबा आणि वाळवण. मे-जूनमध्ये टोपली अर्धी राहील आणि भावही अर्धा, हे यादीतच लिहिलं आहे.

दुसरी, रानातलं जे येते ते बायांकडून त्या सांगतील त्या भावानं घेतो आणि कागदावर त्यांच्या गावाचं नाव लिहितो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. तो माल "आमच्या बाडीतला" म्हणून खपवणं हे गोबीएवढंच खोटं होतं.

तिसरी, दिवाळीनंतर आठ आठवड्यांचे पैसे आधी मागितले. १७ घरांचे २७,२०० रुपये झाले. जपानमध्ये १९७०च्या दशकात आणि अमेरिकेत १९८०च्या दशकात शेतकरी आणि गिऱ्हाईक यांनी अशीच रीत बसवली होती. हंगामाआधी पैसे द्यायचे आणि पीक कमी आलं तर तोटाही वाटून घ्यायचा. आपल्याकडे हे चालेल काय, शंका होती. चाललं, पण यादी दिली म्हणून चाललं. त्यातले काही पैसे राखून यंदा एप्रिलमध्ये विहिरीतला गाळ काढला आणि वाफ्यांवर धानाच्या तणसाचं आच्छादन केलं. गेल्या वर्षीपेक्षा पाणी बारा दिवस जास्त पुरलं. म्हणून यंदा भेंडी आणि गवार आहे.

आता हिशोब. गेल्या मे महिन्यात एका आठवड्याला ४४०० रुपये यायचे. बाहेरचा माल १९०० आणि पेट्रोल २०० वजा जाता २३०० उरायचे. यंदा १७०० येतात. बायांचे ४५० आणि पेट्रोलचे २०० गेले की १०५० उरतात. म्हणजे निम्म्याहून कमी. खरं बोलल्यानं फायदाच होते, असं मी सांगणार नाही. मे-जूनमध्ये नुकसान आहे. ते हिवाळ्याच्या टोपलीतून भरून काढावं लागते.

जे लोक विकत घेतात, त्यांनाही दोन शब्द. बाजारात सकाळी लवकर या, भाजी उन्हानं मान टाकायच्या आधी. "कोणत्या गावची?" आणि "कधी तोडली?" एवढं विचारा. ज्याची आहे तो लगेच सांगते. वांग्याचा देठ हिरवा आणि ताठ आहे काय पाहा, भेंडीचं टोक मोडून पाहा. आणि भर मे महिन्यात कोणी घरच्या बाडीतली म्हणून बारा प्रकारची भाजी घरपोच देत असेल, तर एक दिवस त्याची बाडी पाहायला जा. चहा मागा. खरा असेल तर त्याला आनंदच होईल.

उद्या पुन्हा विहिरीत दोरी सोडून पाणी मोजतो. पाऊस आला तर तीन आठवड्यांत तरोटा येईल आणि टोपली भरायला लागेल.

तुम्हाला एक विचारायचं आहे. कमी पाण्यात मे महिना काढणारी अजून कोणती भाजी तुमच्या भागात होते? कोहळं आमच्याकडे माळ्यावर चार महिने टिकते, तसं टिकणारं दुसरं काही? विशेषतः अहेरी, भामरागड, धानोरा, सिंदेवाही भागातल्या शेतकऱ्यांनी आणि कृषी सहायक मंडळींनी लिहा. बियाणं घरचं असेल तर मूठभर मागून नेईन. बदल्यात आमच्या पोपटाचं बी देतो.