खालचा षड्ज

पुरुषाचा आवाज जितका वर चढेल तितका तो गवई मोठा, हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. नुसतं बाळगलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी ते वापरलं. भोपाळच्या हबीबगंजातल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आणि दिवाळी पहाटेला पेटी माझ्याकडे असायची, आणि पेटी ज्याच्या पुढ्यात, पट्टी ठरवायचा हक्क त्याचा. एखादा पोरगा तार षड्जापाशी अडखळला की 'आवाज चढत नाही' एवढा शेरा मारायचा आणि त्याला कोरसमध्ये ढकलायचं. मिसरूड फुटल्यावर ज्यांचे आवाज जाड झाले, खोल उतरले, त्यांना मी गाण्यातून काढून सूत्रसंचालनाला लावलं. 'तुझा आवाज निवेदनाला फार छान आहे रे,' असं म्हणून. त्यातले काही आज चाळिशीत आहेत आणि उत्तम निवेदन करतात. गात मात्र कुणीच नाही.

आता ते मत माझं राहिलेलं नाही. एका बैठकीत साक्षात्कार झाला वगैरे काही नाही. झिजत झिजत गेलं.

मुळात ते आलं कुठून? घरातून. माझ्या आजोळी नाट्यसंगीताशिवाय दुसरं संगीत नव्हतं. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाटकगृहात शेवटच्या पिटातल्या माणसापर्यंत पद पोचवायचं तर आवाज उंच आणि टोकदार हवाच. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांचे सूर ज्या पट्टीत ऐकू येतात तिथे आजचे बहुतेक पुरुष पोचतच नाहीत. बालगंधर्व तर स्त्रीभूमिका करत होते. किराण्याचे अब्दुल करीम खाँ महाराष्ट्रात राहिले, इथे लाडके झाले, त्यांचाही आवाज उंच आणि बारीक. म्हणजे मराठी कानाला पुरुषाचा 'सुरेल' आवाज म्हटला की तो वरचा, असं शिक्षण तीन पिढ्या मिळत आलं. पुढे मायक्रोफोन आला, उंच गायची सक्ती संपली, पण कान तसाच राहिला. टाळ्या अजूनही तार षड्जावरच पडतात. कुठल्याही मराठी मैफिलीत बघा.

त्यात मी पेटीवाला. पेटीवर सूर दाबला की तो हजर. खालच्या सुराला लागणारा वेळ, त्याचं हळूहळू भरत जाणं, त्यातली डोलणारी आस हे पेटीला कळत नाही, आणि मी जगाकडे पेटीतूनच पाहायचो.

गंमत अशी, की हे सगळं मी भोपाळमध्ये बसून मानत होतो. पुरुषाच्या खोल आवाजाचं या देशातलं मोठं घर त्या काळात माझ्या शहरात होतं. १९८१मध्ये इथे ध्रुपद केंद्र सुरू झालं आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर गुरू म्हणून आले. जन्म १९३२चा, उदयपूरचा. वडील झियाउद्दीन खाँ उदयपूर दरबारचे गवई, थोरले भाऊ झिया मोहिउद्दीन रुद्रवीणा वाजवणारे. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९८२ला, मोठ्या तलावाच्या काठी चार्ल्स कोरियांनी बांधलेलं भारत भवन हे कलासंकुल उघडलं. मणि कौल यांनी या दोघा भावांवर 'ध्रुपद' नावाचा चित्रपट केला तोही १९८२मध्येच. शहरात हे चालू होतं आणि आम्ही अरेरा कॉलनीतल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात 'कट्यार काळजात घुसली' नाटकातल्या पदांची पट्टी ठरवत होतो.

ध्रुपदाबद्दलचं माझं मत तेव्हा अगदी पक्कं होतं: सरकारी शिष्यवृत्तीवर जगवलेली कला. हिंदी कवी आणि सनदी अधिकारी पुढच्या रांगेत बसून डोळे मिटतात, ती गोष्ट. आपलं गाणं म्हणजे ख्याल. तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात आणला, आपण तो वाढवला, आता मागे कशाला जायचं? दोन-तीनदा गेलोही ऐकायला. तासभर 'री रे ना, नोम् तोम्' चाललेलं. गायक खाली खाली उतरत गेला आणि मी घड्याळ पाहत राहिलो. 'हा वर कधी येणार?' शेजाऱ्याला मी हेच विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही, हे त्याचं सौजन्य.

त्या केंद्रात शिकणाऱ्या पहिल्या मुलांमध्ये उज्जैनचा एक मराठी मुलगा होता. उदय भवाळकर, जन्म १९६६. म्हणजे तिथे आला तेव्हा पंधराएक वर्षांचा. नेमक्या ज्या वयात मी मुलांना निवेदनाला लावत होतो, त्या वयात हा मुलगा फरीदुद्दीन आणि मोहिउद्दीन या दोघा भावांपुढे खर्ज भरायला बसला. बारा वर्षं शिकला. आज ते पुण्यात राहतात, जगभर गातात, शिकवतात. २००१चा मध्य प्रदेश सरकारचा कुमार गंधर्व सन्मान त्यांच्या नावावर आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी, आणि ती फारशी शोभादायक नाही. मी त्यांना ऐकायला लागलो तो आडनावामुळे. 'अरे, हा तर आपला माणूस!' एवढ्या एका कारणाने मी जो आलाप पूर्वी दहा मिनिटांत सोडला असता तो पूर्ण ऐकला. फरीदुद्दीन साहेब पंचवीसेक वर्षं माझ्याच शहरात शिकवत होते, त्यांना ही सवलत मी दिली नव्हती. मत बदलायला चांगलंच कारण लागतं असं नाही. माझ्या बाबतीत तरी जातीचं नसलं तरी भाषेचं कारण पुरलं.

आणि ऐकल्यावर काय झालं? पहिल्यांदा मला त्या आवाजात जागा दिसली. भवाळकर मध्य षड्जावरून मंद्रात उतरतात तेव्हा सूर बारीक होत नाही की घोगरा होत नाही. उलट रुंद होत जातो. मंद्र पंचमावर ते थांबतात, तिथून जरासे खाली, पुन्हा पंचम, आणि रागाचा चेहरा तिथे, खालीच, तयार होतो. वर जाण्याआधी. मी ज्याला प्रस्तावना समजत होतो तोच मजकूर होता. पुढे ते वर जातात, तार सप्तकातही गातात, पण तोवर सगळं सांगून झालेलं असतं.

मग मी जरा पुस्तकी चौकशी केली. काळी एक हा पुरुष गायकांचा नेहमीचा षड्ज. त्याची कंपनसंख्या सेकंदाला साधारण १३८. मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. तंबोऱ्याची चौथी तार, खर्जाची, याच सुरात असते. पाश्चात्त्य ऑपेरात सगळ्यात खोल पुरुषी आवाजाला 'बास' म्हणतात. त्याची रोजची खालची हद्द साधारण ८२ कंपनांची. मोझार्टने १७८२च्या आपल्या एका ऑपेरात ओस्मिन नावाच्या पात्राला ७३पर्यंत उतरवलं आहे आणि ती जागा आजही धडकी भरवणारी समजली जाते. म्हणजे पहाटे तंबोऱ्याच्या खर्जाशी आवाज जुळवत बसणारा ध्रुपदिया ओस्मिनच्याही खाली जातो. तुलना पूर्ण न्याय्य नाही हे कबूल; ऑपेराच्या गायकाला माइकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून तो सूर थिएटरच्या शेवटच्या रांगेत फेकावा लागतो, आपल्याकडे तो गुणगुणला तरी चालतो. पण आपल्याकडे हे होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हा मुद्दा उरतोच.

या बास मंडळींच्या नादात मला हाओ जियांग तियान सापडले. बीजिंगचे, जन्म १९५४. आई-वडील दोघंही चिनी लष्कराच्या संगीत पथकातले. सांस्कृतिक क्रांतीत घराची वाताहत झाली आणि हा मुलगा बीजिंगच्या बॉयलर कारखान्यात पत्रे कापायला लागला. १९८३मध्ये अमेरिकेत गेला, १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात उभा राहिला आणि पुढे वीसएक वर्षं तिथे गात राहिला. त्यांच्या भूमिकांची यादी वाचताना हसू येतं. पुच्चिनीच्या 'तुरांदोत'ची गोष्ट पेकिंगमधली. त्यात हा पेकिंगचा माणूस तिमूर गातो, परागंदा झालेला आंधळा म्हातारा राजा. तान डुन यांच्या 'द फर्स्ट एम्परर'मध्ये, २००६ साली, सम्राट प्लासिदो डोमिंगो, आणि खरा चिनी माणूस त्याचा सेनापती. कारण सम्राट, प्रियकर, नायक हे सगळे वरच्या आवाजाचे, टेनर. बासच्या वाट्याला बाप, पुरोहित, म्हातारे राजे आणि सैतान.

म्हणजे ही खोड आपल्या एकट्याची नाही. पण एक फरक आहे आणि तो मला लागला. तिथे नायकपद मिळालं नाही तरी खोल आवाजासाठी भूमिका लिहिलेल्या आहेत. 'मॅजिक फ्लूट'मधला सारास्त्रो त्याचाच, बोरिस गोदुनोव त्याचा. शाल्यापिन या रशियन बासला त्या एका बोरिसने जगभर नेलं. त्या आवाजाच्या मुलाला शिक्षक सांगतो, तुझ्यासाठी हे हे आहे. आपल्या नाट्यसंगीतात, भावगीतात, सुगम संगीताच्या स्पर्धांमध्ये त्याच्यासाठी काय आहे? एक ध्रुपद आहे. आणि ते आपण दुसऱ्यांचं समजून बसलो.

तेही चूकच. ध्रुपदाला पखवाज लागतो, आणि पखवाज आपल्या कीर्तनात, वारकऱ्यांच्या भजनात रोज वाजतो. पखवाजाचं एक मोठं घराणं ज्यांच्या नावाने चालतं ते नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे आणि नांदले इंदूरला, होळकरांकडे. भवाळकरांच्या साथीला माणिक मुंडे, प्रताप आव्हाड अशी नावं दिसतात. माळवा आणि महाराष्ट्र यांच्यातली ही ये-जा माहीत असूनही मी ध्रुपदाला परकं ठरवलं होतं.

मोहिउद्दीन डागरांची एक गोष्ट मला सगळ्यांत पटली. रुद्रवीणेत मंद्र पुरेसा बोलत नाही म्हणून त्यांनी वीणाच बदलून घेतली: भोपळे मोठे, दांडी जाड, तारा जाड. खालच्या सुरासाठी वाद्य नव्याने बांधणारा माणूस आणि खालचा सूर ऐकला की पोराला कोरसमध्ये पाठवणारा मी. १९९०मध्ये ते गेले. फरीदुद्दीन पुढे पनवेलजवळ पळस्प्याच्या गुरुकुलात राहिले. २०१२मध्ये जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी नाकारली आणि ८ मे २०१३ला ते गेले. त्या बातमीच्या दिवशीही मी त्यांचं गाणं नीट ऐकलेलं नव्हतं.

सगळंच पटलं असं मात्र समजू नका. ध्रुपदाभोवती जे अध्यात्माचं धुकं सोडलं जातं ते मला अजून आवडत नाही. नादब्रह्म वगैरे ऐकलं की मी कान मिटतो. आलापानंतर धमार सुरू झाला की चौदा मात्रांतली ती फोडाफोड मला कोरडी वाटते, आणि ख्यालाची तान मला अजून हवीच असते. वय झालं म्हणून संथ गाणं आवडायला लागलं, असं घरचे म्हणतात. असेलही. पण पट्टीचा हिशेब वयाने बदलत नाही.

हबीबगंज स्टेशनचं नाव नोव्हेंबर २०२१मध्ये राणी कमलापती झालं, वस्तीला आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो, आणि गणेशोत्सवाची पेटी अजून माझ्याकडेच आहे. गेल्या काही वर्षांत मी एवढंच बदललं की मुलांसाठी एकच पट्टी धरत नाही. ज्याचा आवाज खाली आहे त्याचा षड्ज काळी पाचवर घेतो, तीही खालच्या सप्तकातली, आणि गाणंही खाली फिरणारं निवडतो. श्रोते कुरकुरतात. 'जरा वर घ्या हो,' अशी चिठ्ठी एकदा आलीच.

तेव्हा विनंती श्रोत्यांना नाही, पेटीवाल्यांना आणि शिक्षकांना आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो आणि जवळजवळ सप्तकभर खाली येतो. त्या वेळी त्याची परीक्षा घेऊ नका, त्याला जुन्या पट्टीत ओढू नका. वर्षभर थांबा, तंबोरा खाली लावा, सकाळी दहा मिनिटं त्याला खर्जावर बसवा आणि तो जिथे आरामात टेकेल तो त्याचा षड्ज माना. निवेदक दुसरा मिळेल.