उडवण्याआधी, भाचीला



तुझा ग्लायडर तयार झाला आणि तू तो गच्चीवरून सोडणार आहेस, असं ताईने फोनवर सांगितलं. गच्चीवरून नको गं. खाली गल्ली, यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेड, माणसांची ये-जा. मोटरच्या विमानाचं उतरणं फसलं तर पुन्हा एक फेरी मारता येते. ग्लायडरला पहिल्याच खेपेत उतरावं लागतं. तो कुठे उतरणार हे हातात असतानाच ठरलेलं हवं.

पडघ्याकडे जागा बघू. भात कापल्यावर खाचरं मोकळी असतात. पण तिथे मोठं वीज उपकेंद्र आहे. थेट चंद्रपूरहून सुमारे ७५० किलोमीटर अंतर कापून ५०० किलोव्होल्टची वाहिनी तिथे येते. म्हणून आधी मनोरे बघायचे, मग शेत. ग्लायडर तारेत अडकलाच तर तो गेला असं समजायचं. बांबूने काढायला जायचं नाही, वीज कंपनीला कळवायचं. शेतमालकाची परवानगी मी घेतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगात येते ते तू बघ. पोलिसांची मनाई नाही ना, तेही विचारू.

सकाळी लवकर जाऊ, वारा मंद असतो. आधी ट्रान्समीटर सुरू, मग ग्लायडरची बॅटरी; बंद करताना उलट क्रम. शेपटीमागे उभी राहून स्टिक उजवीकडे ने, रडर उजवीकडेच वळला पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढलीस की एलिव्हेटरची मागची कड वर उठली पाहिजे. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, ग्लायडरच्या नकाशात दिलेल्या खुणेवरच हवा. शेपूट जड राहिली तर कितीही चांगला हात असो, उपयोग नाही.

सुरुवातीला फेकणार मी. तुझे दोन्ही हात ट्रान्समीटरवर. वाऱ्याच्या तोंडावर, पंख समतल, नाक क्षितिजाकडे किंवा केसभर खाली. उंच जावा म्हणून वर फेकायचा मोह सगळ्यांना होतो, आणि नवे ग्लायडर बहुतेक त्यातच मोडतात. नाक वर गेलं की वेग पडतो, पंखांना हवेचा आधार राहत नाही, एक पंख खाली झुकतो. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. हातातून सुटताना त्याच्याकडे पुरेसा वेग असणं, एवढंच बघायचं.

तू व्हिडिओत पाहिलंस ते पंखाचं टोक धरून गरकन फिरून फेकणं आत्ता नाही. त्यासाठी पंख मुद्दाम मजबूत केलेला लागतो आणि फिरताना मागे कोण आलं ते दिसत नाही. रबराच्या दोरीने ओढून सोडणंही नंतर. ताणलेलं रबर तुटलं तर डोळ्यावर बसतं.

तोवर घारी बघत जा. गोदामांचे पत्रे तापले की त्या पंख न हलवता गोल गोल वर चढतात. पुढे त्याच ऊन हवेत ग्लायडर कसा चढवायचा ते शिकवीन.

येताना बूट घाल, ओढणी नको, टोपी घे. आणि बॅटरी आदल्या रात्री चार्ज कर.

तुझा,
मामा