फॉलो-अपचा खाडा

‘जस्ट फॉलोइंग अप!’ दिवसातून किती मेल्समध्ये आपण हे लिहितो? रिप्लाय नाही आला तर उद्या पुन्हा लिहायचं. बिघडतं काय? बीड जिल्ह्यात गेलात, तर या शब्दाचं खरं वजन कळेल.

एका स्टोरीसाठी जानेवारीत अंबाजोगाईला गेले होते. एसटी स्टँडवर शेजारी एक आजी बसलेल्या. मांडीवर दीड वर्षांचा नातू आणि पिशवीत पट्टीने एकमेकांना जोडलेले दोन चिमुकले बूट.

‘आजी, हे कसले बूट?’

‘लेकराचे पाय जन्मापासून आत वळलेले होते, माय. पलस्टरं झाली. आता झोपताना हे घालायचे. लहान पडलेत, दुसरे घ्यायला आले. घालताना लई रडतंय, पण एका रातीचा खाडा केला नाही.’

‘आणि आई-बाबा?’

‘कारखान्याला गेलेत की.’

‘कारखान्याला’ म्हणजे ऊसतोडीला. दिवाळीच्या आसपास बीडमधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

आता क्लबफूटचा हिशोब बघा. पॉन्सेटी पद्धतीत बहुतेक वेळा मोठं ऑपरेशन लागत नाही. दर आठवड्याला नवं प्लास्टर, अशी साधारण पाच-सहा. मग तीन महिने जवळजवळ दिवसभर बूट आणि पुढे वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपताना. मध्येच सोडले, तर पाय पुन्हा वळू शकतो. फिट्सच्या गोळ्यांचं तेच, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या फिजिओथेरपीचंही तेच. थोडक्यात, आई-बापाला तिकडे खाडा परवडत नाही आणि लेकराला इकडे!

यंत्रणाच नाही, असं नाही हं. अंबाजोगाईत ग्रामीण भागासाठीचं सरकारी मेडिकल कॉलेज सत्तरच्या दशकापासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. जन्मजात व्यंग, आजार, कुपोषण, वाढीतला विलंब असं सगळं बघतात, पुढे पाठवतात. पण शोधणं एका दिवसाचं काम, उपचार काही वर्षांचे. शिवाय पथक गावात येईल तेव्हा मूल दोनशे किलोमीटरवर, फडाजवळच्या कोपीत असेल तर?

सगळ्यांच्या घरी अशी खमकी आजी नसते. असली, तरी कुठल्याही यंत्रणेने तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये. पहिल्या प्लास्टरच्या दिवशीच विचारायला हवं, ‘कारखान्याला कधी निघणार? कुठल्या?’ मग निघण्याआधी मोठे बूट, पुरेशा गोळ्या, व्यायाम शिकवलेला आणि पुढची तारीख कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातली. फाइलचा एक फोटो आईच्या मोबाइलमध्ये. यासाठी नवं हॉस्पिटल बांधावं लागत नाही. ऊस तोडायला माणसं कुठे, किती आणि कधी पोचवायची, हे मुकादम दरवर्षी बिनचूक जमवतो. मग त्याच ट्रॅक्टरमधून जाणाऱ्या एका फाइलचं आपल्याला जमू नये?