परक्या रानात जाताना

चि. बाळा,


दिवाळीनंतर तू मेंढपाळांच्या वाड्याबरोबर कोकणात उतरणार, असं दादाकडून कळलं. शाळेपायी तू वसतिगृहात वाढलास. मेंढरांमागचं चालणं तुला सुट्टीपुरतंच ठाऊक. बारावीनंतरचं हे वर्ष कळपाबरोबर काढायचं तू स्वतः ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. वाट कुठून जाते ते दादा दाखवेलच. वाटेवर वागायचं कसं, ते मला लिहायचंय.

फलटणला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, आणि वरंध घाट उतरून महाडला गेलं की तोच ३००० च्या पुढं. आपल्या माळावरचं गवत वाळून संपत येतं, तेव्हा तिकडं भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात. पण त्याच कोकणात पावसाची झड लागली की दख्खनी मेंढी टिकत नाही. लोकर भिजून अंग गारठतं, चिखलात खूर कुजतात. म्हणून जायचं, आणि वेळेत परतायचंही. या अख्ख्या वाटेवर आपल्या नावावर एक गुंठाही नाही. चारा दुसऱ्याचा, पाणी दुसऱ्याचं, रात्रीची जागाही दुसऱ्याची. मेंढपाळाची सगळी नीती यातूनच आली आहे, असं मला वाटतं.

मात्र आपण भीक मागत नाही, हे ध्यानात ठेव. शेतकरी कळप शेतात बसवून घेतो तो खतासाठी. रात्री किती, धान्य किती की रोख, हे आधी तोंडी ठरतं. कागद होत नाही. ठरल्यापैकी दोन रात्री उरल्या असताना शेजारच्या गावचा कोणी जास्त भात देऊ लागला, तरी हलायचं नाही. राहून गेलेल्या त्या दोन रात्री पुढच्या पिकात त्या माणसाला दिसणार, आणि पुढच्या वर्षी आपल्याला त्याच्याच बांधावर उभं राहायचंय. तुझ्या आजोबांच्या नावावर अजून काही गावांत वाड्याला जागा मिळते. तेवढं त्यांनी मागं ठेवलंय. तू ते खर्चून टाकू नकोस.

सगळ्यात अवघड जागा वालाची. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर तिकडचा शेतकरी वाल करतो. एका खाचरात नुसती धसकटं, लगतच्या खाचरात कोवळा वाल, आणि मधे हातभर रुंदीचा बांध. मेंढराला बांध कळत नाही. तुझा डोळा चुकला आणि चार मेंढरं आत शिरली, तर आधी ती बाहेर काढ आणि मग स्वतःच्या पायांनी मालकाच्या घरी जा. कोणी पाहिलं नसेल तरी जा. तो ओरडेल, शिवी देईल, भरपाई मागेल. ऐकून घे, त्याच्याबरोबर जाऊन नुकसान बघ, मग दादाला बोलाव. तू जे लपवशील ते दुसऱ्या दिवशी त्या वाटेनं येणाऱ्या वाड्याच्या माथी बसेल. मेंढरं कुणाची होती, हे गाव विचारत बसत नाही. खांद्यावर घोंगडं दिसलं की झालं. तू गप्प बसलास म्हणून मार एखाद्या परक्या पोराला बसेल. बाकीचं विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

तुम्ही पुरुष मेंढरं चारत निघता, तेव्हा तुझी आई आणि बाकीच्या बायका मेंढरं कोंडायची वाघर, भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि रात्री जन्मलेली कोकरं घोड्यांवर लादून पुढच्या मुक्कामी पोचतात, पाणी शोधतात, चूल मांडतात. तू कितीही दमून आलास तरी आधी हंडा उचल. कोकरं आता विकायची की अजून पोसायची, हे तुझ्या आईइतकं दादालाही उमगत नाही. ती बोलेल तेव्हा जवळ बसून ऐक.

कळपात लाळ-खुरकूत दिसलं तर दुसऱ्या वाड्याच्या पाण्यावर मेंढरं नेऊ नकोस, आणि वाटेत भेटेल त्याला आधीच सांग. लांडग्यानं मेंढरू मारलं, तर उरलेल्यावर विष घालायचा सल्ला कोणीतरी देईल. ते कदापि करू नकोस. विषानं आपलीच कुत्री मरतात, घारी मरतात. लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि वनखात्याकडून पंचनामा करून घेऊन भरपाई मागता येते.

राग यावा असंही पुष्कळ दिसेल. चराईच्या माळांवर कुठं कालव्याचा ऊस आला, कुठं कारखाने, कुठं प्लॉटांची कुंपणं. वनखात्यानं रोपं लावली तिथं चराई बंद. हा अन्याय आहे. तू शिकलेला आहेस, म्हणून तर तुझी वाड्याला गरज आहे. अर्ज लिही, तहसीलदाराकडे जा, माणसं गोळा कर. पण ज्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा असशील, त्याच्यावर तो राग काढू नकोस. त्याचंही रान तुकड्यातुकड्यानं विकलं जातंय.

घाट उजाडल्यावरच उतरा. कळपाच्या पुढं-मागं एकेक माणूस लाल फडकं घेऊन राहू दे, आणि गाभण मेंढ्यांच्या चालीनंच चाला. महाडला पोचलास की फोन कर. पहिल्या शेतात किती रात्री ठरल्या, तेही सांग.

तुझा,
काका